चौकोनाचे नाव आणि चौकोनाची अट

चौरस हा आयत असतो का, असे आठवीतल्या मुलांना विचारले तर पहिले उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. आयत म्हणजे दाराच्या फळीसारखा लांबट आणि चौरस म्हणजे कॅरम बोर्डासारखा. चित्रे दोन, म्हणून नावेही दोन. हे उत्तर अडाणीपणाचे नाही. त्यामागे फार जुनी परंपरा आहे. इ.स.पू. 300 च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्या खंडातील 22 व्या व्याख्येत चौकोनांची वाटणी अशीच केली. बाजू समान आणि कोन काटकोन असतील तर चौरस. कोन काटकोन, पण बाजू असमान असतील तर लांबट चौकोन. बाजू समान, पण कोन काटकोन नसतील तर समभुज. फक्त समोरासमोरच्या बाजू आणि कोन समान असतील तर चौथा प्रकार, आणि उरलेले सगळे पाचव्यात. पाच कप्पे, आणि एका कप्प्यातला चौकोन दुसऱ्यात जाऊ शकत नाही. गंमत अशी की पुढे सिद्धता मांडताना युक्लिडला यांतले मधले तीन कप्पे लागतच नाहीत. चौतिसाव्या विधानापासून तो 'समांतरभुज' असा शब्द वापरू लागतो. हा शब्द त्या व्याख्यांच्या यादीत नाही, आणि त्यात पहिले चारही प्रकार एकत्र येतात.

हा बदल शब्दापुरता नाही. पस्तिसावे विधान असे आहे की एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये बसणाऱ्या समांतरभुज चौकोनांची क्षेत्रफळे समान असतात. 'पाया गुणिले उंची' हे आपले शाळेतले सूत्र याच विधानावर उभे आहे, कारण तिरक्या चौकोनाची तुलना आपण त्याच पायावरच्या आयताशी करतो. आयत हा समांतरभुज चौकोनच नाही असे म्हटले, तर हे विधान त्याला लागू करता येणार नाही आणि ती तुलनाच बंद पडेल. म्हणजे आयताला समांतरभुजांच्या कुळात घेणे ही केवळ नामकरणाची सोय नाही. क्षेत्रफळाचा हिशेब तिच्यावर चालतो. माझे म्हणणे एवढेच आहे की चौकोनाचे नाव हे चित्राचे वर्णन नसून एक अट आहे. 'चार कोन काटकोन' ही आयताची अट. ती जो पाळतो तो आयत, मग त्याच्या बाजू समान असोत वा नसोत.

अट विसरली की काय होते, हे जमिनीच्या मोजणीत स्वच्छ दिसते. टॉलेमी राजांच्या काळात इजिप्तमधील एडफूच्या मंदिरावर दान दिलेल्या शेतांची क्षेत्रफळे कोरली गेली. ती समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करून काढलेली आहेत. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये हेच सूत्र 'स्थूल' म्हणून नोंदवले आणि त्याच्या जोडीला चार बाजूंवरून क्षेत्रफळ देणारे आपले प्रसिद्ध 'सूक्ष्म' सूत्र दिले. ते सूत्र अप्रतिम आहे, पण चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतील तेव्हाच ते खरे ठरते, आणि ती अट त्याने उघडपणे लिहिलेली नाही. इ.स. 1150 मधील 'लीलावती'त भास्कराचार्यांनी नेमके इथेच बोट ठेवले. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या बाजू देऊन चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. शब्द कठोर आहेत, पण मुद्दा बिनतोड आहे. गुंठा म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस, 1089 चौरस फुटांचा. त्याच चार बाजू ठेवून कोपरे दाबले आणि एक कोन 60 अंशांचा केला, तर आतली जमीन सुमारे 943 चौरस फूट उरते. एकही बाजू इंचभर न बदलता 146 चौरस फूट गेले, आणि सरासरीचे सूत्र मात्र 1089 च सांगत राहते. हे सूत्र कधीच कमी दाखवत नाही. आयत सोडला तर प्रत्येक वेळी जास्तच दाखवते. शंकू-साखळीची मोजणी ही चूक टाळते ती भास्कराचार्यांच्या वाटेनेच. शेतातून एक सरळ रेषा धरायची, कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब टाकायचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन असे तुकडे पाडायचे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चित्रच आधी दिसते. त्याच्यावर 'चौरस हाही आयतच' असे लादल्याने काय साधते? नेदरलँड्समधील पिएर आणि डिना व्हॅन हील या शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये मांडलेला विचार हेच सांगतो की मूल आधी आकार ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहते आणि त्यानंतरच गुणधर्मांमधली नाती त्याला कळतात. पायऱ्या गाळता येत नाहीत, हे मान्यच आहे. पण मूल पहिल्या पायरीवर असते म्हणून आपण त्याला तिथेच बसवून ठेवायचे का? 'खालील आकृत्यांची नावे लिहा' या प्रश्नावर सराव थांबतो, तेव्हा नेमके तेच घडते. त्याऐवजी 'या चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. आता तो कोणकोण असू शकतो?' असे विचारले, तर मुलाला नाव सोडून अटीकडे जावेच लागते.

घनफळात तर हा विचार आणखी फळतो. शेततळ्याचेच घ्या. त्याच्या भिंती उतरत्या असतात. वरचे तोंड 30 मीटर बाजूचे, तळ 21 मीटर बाजूचा आणि खोली 3 मीटर असेल तर पाणी किती? तोंडाच्या मापाने सरळ गुणाकार केला तर 2700 घनमीटर येतात. भास्कराचार्यांनी खातव्यवहारात दिलेली रीत अशी: तोंडाचे क्षेत्रफळ 900, तळाचे 441, दोन्ही बाजूंच्या बेरजेवरचे, म्हणजे 51 च्या वर्गाचे, 2601, यांच्या बेरजेला सहाने भागून खोलीने गुणायचे. उत्तर 1971 घनमीटर. म्हणजे पहिल्या हिशेबाने सात लाख लिटरांहून अधिक पाणी नुसते कागदावरच साठले असते. यात मला सर्वात मोलाची वाटते ती या रीतीची ऐसपैस वृत्ती. तोंड आणि तळ सारखे घेतले की तीच इष्टिकाचितीचे घनफळ देते, आणि तळ शून्य केला की सूचीचा एक तृतीयांश हाती येतो. विशेष प्रकारांना ती बाहेर ठेवत नाही.

मग समलंब चौकोनाला आपण वेगळा न्याय का लावतो? आपल्या पाठ्यपुस्तकात चौरस हा आयतही मानला जातो आणि समभुज चौकोनही, पण समलंब चौकोनाच्या व्याख्येत समांतर बाजूंची 'एकच' जोडी असते. त्यामुळे समांतरभुज चौकोन समलंबांच्या कुळाबाहेर जातो. सूत्राला मात्र ही हद्दपारी मंजूर नाही. समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला उंचीने गुणा. दोन्ही बाजू समान असल्या तर समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ येते, आणि एक बाजू शून्य झाली तर त्रिकोणाचे. जुन्या व्याख्येच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. समलंब चौकोनाच्या असमांतर बाजू समान असल्या तर त्याचे कर्ण समान असतात, हा गुणधर्म सर्वांच्या परिचयाचा आहे. समांतरभुज चौकोनाला आत घेतले की तो मोडतो, कारण तिरक्या समांतरभुजाचे कर्ण समान नसतात. अडचण खरी आहे, पण ती समद्विभुज समलंबाच्या अटीत आहे, समलंबाच्या नाही. ती अट 'बाजू समान' अशी न ठेवता 'एका समांतर बाजूवरचे दोन्ही कोन समान' अशी ठेवली, की तिरका समांतरभुज आपोआप बाहेर राहतो, आयत आत येतो आणि कर्ण पुन्हा समान होतात. पाठ्यपुस्तक मंडळाला आणि गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या आवृत्तीत त्या व्याख्येतला 'एकच' हा शब्द काढून तिथे 'किमान एक' असे लिहावे.