तुकडे आधी की शब्द आधी?

अर्थ वर्णांतून जुळत येतो, की आधी अख्खे कळते आणि मग तुकडे दिसतात, हा आपल्याकडचा जुना वाद. वैयाकरण भर्तृहरी अखंडाच्या बाजूचे. मीमांसक कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात हा अखंड अर्थवाहक, म्हणजे स्फोट, खोडून काढला आणि अर्थाचे श्रेय वर्णांनाच दिले. या वादात डच भाषेची साक्ष काढण्याजोगी आहे, कारण तिथे समास मध्ये जागा न सोडता सलग लिहितात. 'डाइक्राम्प' घ्या. 'डाइक' म्हणजे बांध, 'राम्प' म्हणजे आपत्ती. असा तोडला तर बांध फुटून ओढवलेला अनर्थ. 'डाइ' म्हणजे मांडी. 'डाइ' आणि 'क्राम्प' असा तोडला तर मांडीत आलेला गोळा. वर्ण तेच, क्रम तोच, आघातही दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर. वाद फक्त 'क' कुणाच्या पदरात घालायचा एवढाच. फेब्रुवारी १९५३ मध्ये समुद्राने झीलंडचे बांध फोडले, नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. त्या पुराविषयीच्या मजकुरात हा शब्द आला, तर वाचक 'क' बेलाशक डावीकडे देईल. म्हणजे निवाडा वाक्याने केला, आणि वाक्यच अखंड असते हे तर भर्तृहरींचे म्हणणे.

कुमारिलांचा पक्षकार म्हणेल, ही लिपीची खोड. बोलताना असा घोळ पुष्कळदा होत नाही. बरोबर आहे. एकाच लेखनाचे 'मासाझ-बेड', म्हणजे मालिशचा पलंग, आणि 'मासा-खबेट', म्हणजे सामुदायिक प्रार्थना, हे उच्चारात सहज वेगळे पडतात: पहिल्यात आघात दुसऱ्या अक्षरावर, दुसऱ्यात पहिल्यावर. ऐकणाऱ्याचे काम तेवढ्याने भागते. पण छापील शब्द मोठ्याने वाचणाऱ्याने आघात कुठे द्यावा? अर्थ ठरल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही. जो आघात अर्थामागून येतो, तो अर्थाचा जनक कसा?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. कधी न ऐकलेला समासही डच माणसाला कळतो, तो तुकडे ओळखीचे असतात म्हणूनच. हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी 'होफ्टपाइनपिल' ही डोकेदुखी जावी म्हणून घ्यायची गोळी आणि 'स्लापपिल' झोप यावी म्हणून. 'जावी' आणि 'यावी' हे कोणत्या तुकड्यात लिहिले आहे? ते वाचणाऱ्याने पुरवायचे असते. तेव्हा तुकड्यांचा पुरावा दाखल करून घ्यावा, पण निकाल भर्तृहरींच्या बाजूने द्यावा.