आरशाची परीक्षा

अंदमानात डायव्हिंग शिकवताना नवख्यांना मी सगळ्यात आधी क्लीनर रॅस ओळखायला लावतो. बोटाएवढा, निळसर मासा, तोंडापासून शेपटीकडे रुंदावत गेलेला काळा पट्टा. पण रंगावर विसंबू नका, तोंड पाहा. ते अगदी पुढच्या टोकाला असेल तर रॅस. नाकाडाखाली दडलेलं असेल तर तो ब्लेनी, रॅसचं सोंग घेऊन परांचे लचके तोडणारा.

प्रवाळापाशी रॅसची ठरलेली जागा असते. हेकरूसारखा मोठा मासा तिथे येऊन जबडा उघडतो, आणि हा आत शिरून कल्ल्यांतले परजीवी टिपतो. एका घासात गिळता येईल असा जीव हेकरू गिळत नाही. मी मालवणचा, मासळीवर वाढलेला. आजी मात्र माळकरी, रोज पसायदान म्हणायची. जिवांच्या आपसातल्या मैत्रीचं ते मागणं मला समुद्राखाली उघड दिसलं. ही मैत्री सोवळी नाही. रॅस मधूनच परजीवी सोडून माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चावतो, मासा उसळून त्याला पिटाळतो. तरीही व्यवहार चालू राहतो, म्हणूनच तो मला खरा वाटतो.

2019 साली जपानच्या मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गळ्याखाली मुद्दाम लावलेला ठिपका आरशात दिसल्यावर रॅसने गळा तळाशी घासला. त्याला स्वतःची ओळख पटते का, यावर वाद झडला. शिकायला येणारे विचारतात, ओळख पटत नसेल तर त्याला टाकीसाठी पकडण्यात पाप कसलं? मला हा प्रश्नच मान्य नाही. ज्याला ‘मी’ कळतो त्यालाच दया, ही अट घातली कुणी? मुंग्यांना साखर घालताना आजी त्यांची परीक्षा घेत नव्हती.

हौशी टाक्यांसाठी पाणबुडे बारीक जाळं लावून रॅसला त्यात हाकतात. फिलिपीन्समध्ये प्रवाळातले मासे धरायला सायनाइडही फवारलं गेलं. टाकीत पुरेसे परजीवी नसतात, त्यामुळे रॅस बऱ्याचदा उपासमारीनेच मरतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ काही प्रवाळांवरून साडेआठ वर्षं संशोधक रॅस काढत राहिले, तेव्हा तिथे इतर माशांची संख्या घटली, काहींची वाढही खुंटली. भुकेसाठी बांगडा मारणं मी समजू शकतो. शोभेसाठी रॅस धरणं नाही.

दुकानाच्या काचेत हा काळ्या पट्ट्याचा मासा दिसला, तर कृपा करून विकत घेऊ नका.