आंकडा कोणाचा?

फुप्फुसांच्या धमन्यांत रक्ताच्या जुन्या गुठळ्या घट्ट बसल्या म्हणजे हृदय हळूहळू थकतें. त्या काढावयाच्या तर शरीर वीस अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण वीस-वीस मिनिटें थांबवावें लागतें. इंग्लंडांत पॅपवर्थ येथें १९९७ ते २०१२ या काळांत ८८० रोग्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. वर्षाअखेर जगण्याचें प्रमाण शेंकडा ८६, दहा वर्षांअखेर ७२. म्हणजे हानीचा अर्धा वांटा आरंभींच पडला. आंकडा आशादायक खराच. पण तो समुदायाचा, आणि शस्त्राखालीं जाणारा जीव एकटा. आपल्या घरांतील वडीलधारीं माणसें दयेपोटीं तो रोग्यापासून लपवितात. आमच्या मतें ही दया नव्हे, त्याच्या हक्काचा अपहार होय. ज्याचा देह, त्याचाच निर्णय. आपण उशाशीं बसावें.