जळत्या घरातील स्वस्थता

एखाद्या चित्राखाली एक ओळ लिहिणे हा वरवर पाहता करमणुकीचा प्रकार आहे. तथापि काही चित्रे अशी असतात की, त्यांच्याखाली ओळ लिहिताना लिहिणाऱ्याचीच परीक्षा होते. अमेरिकन व्यंगचित्रकार के. सी. ग्रीन यांनी जानेवारी २०१३ मध्ये आपल्या ‘गनशो’ या मालिकेत काढलेले चित्र या जातीचे आहे. खोलीला आग लागली आहे. छताखाली धूर कोंडला आहे. आणि डोक्यावर लहानशी टोपी घातलेला एक कुत्रा, कॉफीचा पेला समोर ठेवून, खुर्चीवर हसतमुखाने बसला आहे. सारे ठीक चालले आहे, असे तो स्वतःलाच सांगत आहे.

मूळ चित्रकथा सहा चौकटींची आहे. अखेरच्या चौकटीत त्या ज्वाळांनी त्याचा चेहराही वितळून जातो. परंतु जगभर फिरल्या त्या पहिल्या दोनच चौकटी. हसू लोकांनी उचलले आणि शेवट मागे ठेवला. त्या दोन चौकटींवर मग ज्याने त्याने आपापला मथळा लिहिला. कोणी परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विद्यार्थी लिहिला, कोणी कर्जात बुडालेला गृहस्थ. २०१६ साली अमेरिकेतील निवडणुकीच्या धामधुमीत एका मोठ्या पक्षाने तेच चित्र आपल्या विरोधकांना उद्देशून वापरले.

‘अज्ञानात सुख’ असे आपण म्हणतो, आणि हे चित्र त्या सुखाचे आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण हा कुत्रा खरोखर अज्ञानी आहे काय? ज्वाळा त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. ज्याला आग दिसत नाही, त्याला ‘सारे ठीक आहे’ असे स्वतःस बजावण्याची गरजच पडत नाही. अद्वैत परंपरेत अविद्या म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव मानलेला नाही. असलेले झाकणारी आणि नसलेले भासविणारी ती एक शक्ती आहे. कुत्र्याच्या ओठांवरचे स्मित त्या शक्तीचे काम आहे.

येथे आपल्या परंपरेतला वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यावयासच हवा. महाभारताच्या शांतिपर्वात जनक म्हणतो की, मिथिला जळत असली तरी माझे काही जळत नाही. मग जनक तो स्थितप्रज्ञ आणि कुत्रा तेवढा मूढ, हे कशावरून? दोघेही आगीत स्वस्थच आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही स्मिते सारखीच दिसतील.

मला भेद दिसतो तो असा. जनक ‘माझे काही नाही’ म्हणतो. कुत्रा ‘आगच काही नाही’ म्हणतो. एकाने ममत्व सोडले आहे, दुसऱ्याने सत्य सोडले आहे. आणि ज्याने ममत्व सोडले, त्याला पाण्याची घागर उचलण्यास हात अधिकच मोकळे झालेले असतात. अनासक्ती कर्तव्यातून सुटका देत नाही, हे तर गीतेचेच सांगणे आहे. जनकाचे नाव घेऊन आपल्या आळसाला वैराग्याची वस्त्रे नेसविणे सोपे आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे.

महाभारतातच आणखी एक जळते घर आहे. वारणावतात पांडव लाक्षागृहात राहिले. भिंती कशाच्या आहेत हे त्यांना ठाऊक होते. विदुराने युधिष्ठिराला सूचना दिलेली होती. तरीही ते वर्षभर तेथे राहिले आणि चेहऱ्यावर त्यांनी काही दाखविले नाही. पण जमिनीखाली भुयार खणले जात होते. या शांततेला धैर्य म्हणता येते, कारण तिच्याखाली काम चाललेले होते.

मात्र ही कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपण बहुधा घाईने ओलांडतो. त्याच रात्री एक निषादी आणि तिचे पाच पुत्र जेवून, मद्य पिऊन तेथे निजले होते. भीमाने आग लावली, पांडव भुयाराने बाहेर पडले आणि ती सहा माणसे जळून गेली. खरे निश्चिंत तेच होते. अज्ञानाचे सुख त्यांच्या वाट्याला आले. त्याची किंमतही त्यांनीच दिली. जाणणाऱ्याचे न जाणणाऱ्याशी काही देणे लागते काय, हा प्रश्न व्यासांनी आपल्यापुढे उघडाच ठेवला आहे.

हा प्रश्न पुराणकाळापुरता नाही. १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे केरळातील कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल देवीच्या मंदिरात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे गेली. आतषबाजीच्या चढाओढीस जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती. धोका कोणास ठाऊकच नव्हता, असे म्हणता येत नाही. उत्सवास जमलेले भाविक मात्र देवीच्या भरवशावर निश्चिंत उभे होते. ‘आजवर कधी काही झाले नाही’ हे वाक्य प्रत्येक देवळाच्या सभेत ऐकू येते. गर्दीचा अरुंद दरवाजा, मंडपातली जुनी विजेची तार, यांविषयी कोणी बोलू लागला की तो अपशकुनी ठरतो. श्रद्धा देवावर असावी. जुन्या तारेवर श्रद्धा ठेवण्यास कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

आता चित्राकडे परत येऊ. त्यावर शेजाऱ्याचे नाव लिहिले तर तो उपहास होतो. स्वतःचे लिहिले तर कबुली होते, आणि कबुली उपहासाहून बरी. परंतु तिच्यातही एक मोह आहे. आपण हसून मान्य केले, म्हणजे जणू आपले काम झाले, असे वाटू लागते, आणि खुर्ची काही सुटत नाही.

ग्रीन यांनी २०१६ सालीच या चित्रकथेचा उत्तरार्ध काढला. त्यात तोच कुत्रा भानावर येऊन आग विझवितो, आणि इतके होईपर्यंत आपण बसून कसे राहिलो, म्हणून स्वतःला दोष देतो. हा उत्तरार्ध पहिल्या चित्राइतका फिरला नाही, हे साहजिकच आहे. त्यात हसण्याजोगे थोडे आहे. पण चित्राखाली आपले नाव लिहावयाचेच, तर ते तेथे लिहिण्याची पात्रता आपल्या अंगी यावी. तेवढ्यासाठी पेला खाली ठेवून उठावे लागते, आणि आधी शेजारच्या खोलीत कोण निजले आहे ते पाहावे लागते.