काचेवर चिकटवलेलं सौभाग्य

लग्नसराईत यवतमाळच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानापाशी थोडं थांबावं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशा मापांची खोकी भिंतीला लावून रचलेली असतात, हिरवा चुडा अगदी दर्शनी. पाटीवर, खोक्यावर ‘सौभाग्य’ नाहीतर ‘सुहाग’. हे सौभाग्य काचेत शिरतं कधी?

फिरोजाबादेत तर नक्कीच नाही. काचेच्या बांगड्यांचं देशातलं सगळ्यात मोठं केंद्र तेच. तिथे वाळू, सोडा, चुना भट्टीत वितळतो, त्यात रंग मिसळतो आणि तापलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळली जाते. वेटोळं निवलं की कापतात. मग एकेका कडीची दोन टोकं ज्योतीवर धरून जुळवायची. हे काम घरोघरी चालतं आणि त्यात बायका पुष्कळ. बांगडी बोटांत फिरवली की जोडाची बारीक गाठ हाताला लागते. जोडणारीचा धर्म कोणता, तिचं कुंकू शाबूत आहे का, हे ती गाठ सांगत नाही. मुसलमान मणियाराकडून नवरीला चुडा भरून घेताना विदर्भातल्या हिंदू घरांनाही सहसा अडचण वाटली नाही.

मग तीच काच नवरा गेल्यावर त्याच हाताला वर्ज्य कशी? सौभाग्य वस्तूत असेल, तर बांगड्या फोडणं हेच पाप ठरायला हवं. ते नवऱ्यात असेल, तर शाळेत जाण्याआधीच मुलीच्या हातात बांगड्या का किणकिणतात?

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात पोथीतला नाही. शेतकरी आत्महत्यांनी इथे किती कपाळं पुसली गेली! 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळात 92व्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या स्वतः एका शेतकऱ्याच्या विधवा. ज्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही, तिला सरस्वतीच्या दारात पहिला मान मिळाला. परंपरेलाही हे अगदी परकं नाही: तेराव्या शतकात रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यात धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचून गायले ते महदंबेने, आणि तीही विधवाच होती.

मे 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामसभेने बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव गावाला पोचतो. दुकानातल्या खोक्याला मात्र कुणी हात लावत नाही.

पाकीटबंद मालावर कायदा मागतो ते उत्पादकाचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, कमाल किंमत यांसारखे तपशील. घालणारीचा नवरा त्यात कुठेच येत नाही. नवरीचा चुडा खुशाल वेगळा मांडावा; बाकीच्या बांगड्या रंगाने, मापाने लावाव्यात, आणि कळत असेल तर ज्या वस्तीत जोडल्या गेल्या तिचं नाव खोक्यावर यावं. संक्रांतीचा माल वणी, पुसद, दारव्ह्याच्या दुकानांत भरला जाईल तेव्हा पाटी बदलायला कुठल्या ग्रामसभेची वाट पाहायची गरज नाही.