ठशाने रंगवलेला देव

सणसरचा मुक्काम हलतो, बेलवाडीत वाटेवरचं पहिलं गोल रिंगण होतं आणि तुकोबांची पालखी लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याच्या वाटेला लागते. पालखीत मूर्ती नसते, पादुका असतात. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, असं परंपरा सांगते. तेव्हापासून लाखो माणसं चालत आली आहेत ती पावलांच्या खुणेमागे. रस्त्याच्या दोन्ही कडांना मात्र देव चेहऱ्यासकट उभा असतो, फ्लेक्सवर. हा विठ्ठल बहुधा कोणी कागदावर काढलेला नसतो. तो संगणकावर रंगवलेला असतो: गालावर मऊ उजेड, तुळशीच्या मण्यामण्यावर चकाकी, पाठीमागे निळसर धुकं, आणि खालच्या पट्टीत शुभेच्छुकांचे हसरे चेहरे. या विठ्ठलापुढे हात जोडावेत का? प्रश्न किरकोळ वाटेल. बहुतेक माणसं जोडतात आणि पुढे जातात. पण ज्यांना हे चित्र खटकतं त्यांचं खटकणं प्रामाणिक असतं, आणि त्यामागची कारणं एकेक तपासून पाहिली तर ती जरा भलत्याच ठिकाणी बोट ठेवत आहेत असं दिसतं.

पहिलं कारण ब्रशचं. हा ब्रश खोटा, ही रेघ खोटी, असं म्हटलं जातं, आणि यंत्राच्या अंगाने पाहिलं तर त्यात तथ्यही आहे. १९९० साली आलेल्या फोटोशॉपमध्ये काय किंवा फुकट मिळणाऱ्या क्रिटामध्ये काय, ब्रश म्हणजे केसांचा झुपका नव्हे. तो करड्या छटांचा एक छोटा ठसा असतो. टॅब्लेटवर पेन फिरतं तसतसा हा ठसा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटत जातो. साध्या गोल ब्रशला फोटोशॉप हे अंतर ठशाच्या व्यासाच्या २५ टक्के धरून देतं, त्यामुळे ठसे एकमेकांवर चढतात आणि डोळ्याला सलग रेघ दिसते. तेच अंतर १५० टक्के करा, रेघ तुटून मण्यांची ओळ समोर येते. (तुळशीची माळ झटपट रंगवायची सोपी युक्ती हीच.) चांगल्या पेनात दाबाच्या ८१९२ पायऱ्या असतात, त्या ठसा लहानमोठा करतात, गडद-फिका करतात, पण ठशाची रेघ करू शकत नाहीत. थोडक्यात, त्या विठ्ठलाच्या भुवईत एकही रेघ नाही. आहेत ते शेकडो ठसे, आणि त्यांना जोडणारा आपला डोळा.

पण हा दोष धरायचा तर तो फार मागे न्यावा लागेल. अद्वैताचार्य गौडपादांनी मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात फिरत्या कोलिताचा दृष्टांत दिला आहे. कोलीत हललं की सरळ, वाकडी, गोल रेघ दिसते; थांबलं की काहीच नसतं, आणि ती रेघ कुठून आली नि कुठे गेली हे सांगता येत नाही. त्यांना सगळं दृश्य जगच असं वाटत होतं. ज्याला हे पटतं त्याने संगणकाच्या रेघेवर तेवढा खोटेपणाचा शिक्का मारू नये, आणि ज्याला पटत नाही त्याने वारीत नुसतं आजूबाजूला पाहावं. वारकऱ्याच्या कपाळी उमटलेली गोपीचंदनाची मुद्रा हा ठसाच आहे. पितळी साचा गंधात बुडवायचा आणि कपाळावर टेकवायचा, एकाच साच्याने हजार कपाळं. पालखीपुढच्या रांगोळीतही आता छाप असतात, नळीतून आणि गाळणीतून पडणाऱ्या नक्ष्या असतात. या कशाने भक्ती उणावली असं कोणी म्हटलेलं नाही. कपाळ नम्र असलं की मुद्रा हाताने काढली की साच्याने, हा प्रश्न उरत नाही. पादुकांचा तर विचारच करायला नको; मुळात खूणच ती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या चित्राला मूळ प्रत नाही. तैलचित्र एक असतं, बाकी त्याच्या छापील प्रती. संगणकावरच्या चित्राच्या दहा प्रती केल्या तर अकराही सारख्याच, त्यात पहिली कुठली हे प्रतींवरून ओळखता येत नाही. मग देव नेमका कुठल्या प्रतीत? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापांतून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसली. त्या छापांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. आजच्या सॉफ्टवेअरमधले थर म्हणजे त्याच दगडांची वजनरहित नातवंडं. मूळ तैलचित्र कुठल्या राजवाड्यात आहे याची चौकशी करून कोणी उदबत्ती लावली नाही. नंतर रघुवीर मुळगावकरांनी एअरब्रशच्या फवाऱ्याने देवांना जी कांती दिली तीही कॅलेंडरांतूनच भिंतींवर आली. आज फ्लेक्सवर दिसणारा मऊ उजेड त्या फवाऱ्याचाच वंशज आहे. मूळ-नक्कल हा वाद तर खुद्द पंढरीलाही चुकलेला नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात मूळ विठ्ठलमूर्ती माढ्याची, असं मांडलं तेव्हा वाद झाला, अभ्यासकांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं. पण पंढरीची वाट बदलली नाही. तेव्हा ‘मूळ कुठे’ हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो खरा प्रश्न आहे, पण पूजेला तो अडवत नाही.

शास्त्र काय म्हणतं? भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत आपली टीका पुरी केली त्याच स्कंधाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, कृष्ण उद्धवाला प्रतिमांचे आठ प्रकार सांगतो: दगडाची, लाकडाची, धातूची, लिंपलेली, रंगवलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. यादी थोडा वेळ न्याहाळण्यासारखी आहे. ज्या यादीत दगड आहे त्याच यादीत वाळू आहे, जी वाऱ्याने मोडते. आणि मनही आहे, ज्यात पदार्थच नाही. म्हणजे टिकाऊपणा ही अट नाही, स्पर्श ही अट नाही, एकमेव असणं हीसुद्धा अट नाही. अट दुसरीच आहे आणि ती लगेच पुढे येते: प्रत्येक प्रकाराशी वागायचं कसं. स्थिर मूर्तीला आवाहन-विसर्जन नाही, चल मूर्तीला ऐच्छिक, भूमीवर आखलेल्या स्थंडिलाला दोन्ही हवीत. स्नान सगळ्यांना नाही. लिंपलेल्या आणि रंगवलेल्या प्रतिमेला पाण्याने आंघोळ घालायची नाही, नुसती पुसायची. किती व्यवहारी बारकावा! रंग ओघळेल याची काळजी घेणारं हे शास्त्र आहे. प्रतिमा कशाची हे ते विचारतं, पण पावित्र्य मोजण्यासाठी नव्हे. तिच्याशी वागण्याचा नियम ठरवण्यासाठी.

याच हिशेबाने संगणकावरच्या चित्राकडे पाहिलं की गुंता बराच सुटतो. संगणकात साठवलेली फाईल ही प्रतिमा नव्हेच, तो साचा आहे. पेणच्या कारखान्यात गणपतीचे साचे रांगेने ठेवलेले असतात. साच्याची कोणी पूजा करत नाही आणि साचा आहे म्हणून गणपतीला कोणी कमी लेखत नाही. ‘फाईलमध्ये देव असतो का’ या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. पडद्यावर दिसणारं चित्र वाळूच्या प्रतिमेचं सख्खं भावंड. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने उजळतो, चित्र सतत मोडतं आणि घडतं. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि घरोघर माणसांनी दर्शन घेतलं ते पडद्यावरच. त्या दर्शनाला नकली म्हणायला जीभ रेटणार नाही.

यावर कोणी म्हणेल, श्रमाचं काय? शिल्पी व्रत पाळतो, मूर्तीचे डोळे शेवटी उघडतो. इथे डोळा एकदा काढला की उलटवून दुसऱ्या बाजूला चिकटवता येतो, आणि चुकलं तर एका बटणाने मागे जाता येतं. आता तर ब्रशही नको, चार शब्द टंकले की विठ्ठल तयार. आक्षेप खरा आहे, पण तो चित्रकाराच्या साधनेबद्दल आहे. सॉफ्टवेअर ठसा देतं, निर्णय देत नाही. विठ्ठलाचा रंगच घ्या. पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे. तिन्ही शून्य केले की काळा. त्या शुद्ध काळ्याने विठ्ठल रंगवला तर पडद्याला भोक पडल्यासारखं दिसतं. सावळा हा आकडा नाही, अंधारावर बसलेल्या उजेडाला दिलेलं ते नाव आहे, आणि त्यासाठी निळा किती, जांभळा किती, धार कुठे मऊ ठेवायची, हे कुठल्याही ब्रशच्या संचात विकत मिळत नाही. ज्याला हे साधत नाही त्याचा विठ्ठल प्लॅस्टिकचा दिसतो, आणि फ्लेक्सवर असे पुष्कळ असतात. पण वाईट चित्र आणि अपूज्य चित्र या दोन गोष्टी आहेत. कथेतल्या पुंडलिकाने आसन म्हणून वीट भिरकावली, घडवली नाही. तिच्यावर उभं राहायला देवाने मागेपुढे पाहिलं नाही.

मग फ्लेक्सबद्दल काहीच हरकत नाही का? आहे, आणि ती तुकोबांच्याच एका अभंगातून निघते. मातीचा शिव करून पुजला तर पूजा कुणाला मिळते आणि मातीचं काय होतं, हा त्याचा विषय. तुकोबा तिथे दोन हिशेब मांडतात. पूजेचा हिशेब देवाकडे जातो, मातीचा हिशेब मातीकडे. संगणकाच्या चित्राची बाजू घेणारे (वरचे सगळे परिच्छेद धरून) पहिल्या हिशेबावर थांबतात: भाव असला की पोचतं. दुसरा हिशेब मात्र तितकाच पक्का आहे आणि सहसा कोणी त्याच्याकडे पाहत नाही. वाळू वाळूत जाते. मनातली प्रतिमा मन हललं की जाते. पडद्यावरचं चित्र पडदा बंद केला की जातं, फाईल पुसली की साचाही जातो; विसर्जनाच्या कसोटीवर ते तैलरंगापेक्षा निर्मळ ठरतं. अडतं ते हेच चित्र छापून रस्त्यावर आलं की. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप. तो विरघळत नाही, कुजत नाही. शास्त्रापुढे तो एक विचित्र प्राणी आहे: वाळूइतका क्षणिक म्हणून उभारलेला आणि दगडासारखा चिवट.

पितळेची मूर्ती तरी कुठे विरघळते, असं यावर विचारता येईल. नाही विरघळत, पण तिला घर असतं, पुसणारा हात असतो, आणि भंगली तर तिचं काय करायचं हे ठरलेलं असतं. कॅलेंडरावरचा देव, लग्नपत्रिकेवरचा गणपती हेही अनाथ होतात हे खरं. म्हणून तर कित्येक घरांत जुन्या पत्रिका रद्दीत घालायला हात धजत नाही, त्या नदीची वाट बघत फळीवर पडून राहतात. तो संकोच म्हणजेच शास्त्र, घराघरात मुरलेलं. गणेशमूर्तींच्या बाबतीत हा दुसरा हिशेब समाजाला उशिरा का होईना मांडावा लागला. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात जात नाही हे डोळ्यांनी दिसल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यावर बंदी सुचवली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, शाडूची बाजू घेऊन माणसं भांडली. फ्लेक्सवरच्या विठ्ठलासाठी असं कोणी भांडत नाही, कारण त्याला मूर्ती मानायचं की जाहिरात हेच आपण ठरवलेलं नाही. हात जोडताना तो मूर्ती असतो, खाली उतरवताना जाहिरात. या सोयीच्या दुटप्पीपणाचं खापर ब्रशवर फोडण्यात अर्थ नाही. शुभेच्छुकाला चेहरा छापायचा असतो आणि विठ्ठल त्याची चौकट होतो. हीच चौकट मुळगावकरांच्या हाताने रंगवली असती तरी प्रश्न तोच राहिला असता.

उतरवलेल्या फ्लेक्सचं पुढे काय होतं हे या ऊसपट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. तो टाकाऊ नसतोच. कडब्याच्या गंजीवर, गोठ्याच्या उघड्या बाजूला, पंपाच्या पेटीवर तो बांधला जातो. हंगाम सुरू होऊन तोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, जुन्या फ्लेक्सचे तुकडे चढतात, थंडी आणि दव अडवायला. छापलेली बाजू आत घेतली तर आषाढातला विठ्ठल पौषात कोपीच्या छतावर असतो, उताणं झोपलेल्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. त्या माणसाने वर पाहून हात जोडले, कधी छताची धूळ फडक्याने पुसली, तर भागवताने रंगवलेल्या प्रतिमेला सांगितलेली सेवा त्याच्या हातून अक्षरशः घडली. मूळ प्रत कोणती आणि भुवईत किती ठसे, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. मार्चअखेर टोळी उठते, कोपी मोडते, बांबू आणि चांगलं कापड सोबत जातं. फाटका तुकडा बांधावर राहतो. त्याच्यावर पाऊस पडतो, तण चढतं, चेहरा फिका होत जातो, पण कापड तसंच राहतं. शाई मातीत जाते. पीव्हीसी जात नाही.