मानधन, वेतन आणि कायक

देवणी हा लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्याला लागून असलेला तालुका असून, बाराव्या शतकात ज्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांनी श्रमाला उपासनेचे स्थान दिले, ती नगरी या परिसराला परकी नाही. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा कार्यकर्त्या यांच्या न्याय्य वेतनासाठी महाराष्ट्रात चाललेल्या लढ्याकडे धर्मविचाराच्या अंगाने पाहायचे असेल, तर या सीमाभागाला त्यासाठी लागणारी भाषा बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेने आधीच देऊन ठेवली आहे.

त्या भाषेतला पहिला शब्द कायक. कायेने, म्हणजे देहाने, प्रामाणिकपणे केलेले आणि स्वतःचा निर्वाह चालवणारे काम हीच पूजा, असा त्याचा आशय आहे. दुसरा शब्द दासोह. निर्वाहानंतर उरलेले समाजाला अर्पण करणे असा त्याचा अर्थ. या दोहोंतील क्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे, कारण दासोह कायकानंतर येतो आणि ज्याच्या कायकातून निर्वाहच होत नाही त्याच्याकडून दासोहाची अपेक्षा धरणे या विचारात बसत नाही. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची परंपरागत कथा येथे सर्वांत उपयोगी पडते. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते, आणि एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून येण्यास सांगितले. ही कथा बहुधा श्रमिकाला निर्लोभतेचा पाठ म्हणून सांगितली जाते, आणि तेवढ्यावरच थांबणे हा तिच्यावर अन्याय आहे. श्रमापेक्षा अधिक घेणे हा दोष असेल, तर दुसऱ्याच्या श्रमाचे मोल त्याला न देता स्वतःजवळ ठेवणे हाही तोच दोष ठरतो. मग ते ठेवणारे घर असो वा राज्याची तिजोरी. स्वतः बसवेश्वर बिज्जल राजाच्या दरबारात भांडारी होते, म्हणजे सार्वजनिक धनाचा हिशेब हा त्यांच्या धर्मचिंतनाबाहेरचा विषय नव्हता.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून अंगणवाडीचे काम करणाऱ्या स्त्रियांना मिळणाऱ्या रकमेला शासनाच्या लेखी मानधन म्हटले जाते. मानधन म्हणजे ज्याच्या कामाचे मोल ठरवणे अप्रस्तुत वाटते अशा व्यक्तीला, उदाहरणार्थ व्याख्यात्याला किंवा परीक्षकाला, आदरापोटी दिलेली रक्कम. रोज मुलांचे वजन, पोषण आहार, लसीकरणाची आठवण, गरोदर मातांच्या भेटी आणि नोंदी सांभाळणाऱ्या स्त्रीला हा शब्द लावला की आदर वाढल्यासारखा दिसतो, पण वेतनाला जोडून येणारी वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन मात्र गळून पडतात. मार्च 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन 8,325 वरून 10,000 रुपये आणि मदतनिसाचे 4,425 वरून 5,500 रुपये करण्याची घोषणा झाली. हे आकडे त्या वाढीनंतरचे होते, हे विसरता येत नाही. ज्या देवणीचे नाव गोवंशामुळे दूरवर पोचले, तेथील शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून पुरणपोळी चारली म्हणून वर्षभराचा कडबा कोणी वाचवत नाही. जनावराच्या बाबतीत जे उघड आहे ते माणसाच्या बाबतीत शब्दाआड झाकले जावे, ही खरोखर वेदनादायक गोष्ट आहे.

सेवा ही निष्काम असावी, असा एक आक्षेप यावर घेतला जातो. निष्काम कर्म म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म, आणि गीतेतील हा विचार महाराष्ट्राच्या रक्तात मुरलेला आहे. परंतु त्याग त्याचाच, ज्याचा हक्क. कर्त्याने स्वतःच्या फळाबद्दलची आसक्ती सोडावी असे म्हणणे वेगळे आणि कर्म करवून घेणाऱ्याने ते फळ परस्पर स्वतःकडे ठेवावे हे वेगळे. 2021 मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी कामासाठी दिलेले निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले, तेव्हा त्यांनी सेवा नाकारली नव्हती. सेवेची साधनेही स्वतःच्या तुटपुंज्या रकमेतून उभी करण्याची, म्हणजे सक्तीच्या दासोहाची, अपेक्षा नाकारली होती.

राज्याच्या कामाच्या मोबदल्याच्या या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदाराला सरकारी कामासाठी केव्हाही बोलावता येत असे, तो नसल्यास घरातील दुसऱ्याला जावे लागे, आणि मोबदला म्हणून वतनाची थोडी जमीन आणि रयतेकडचे बलुते पुढे केले जाई. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ते विधेयक या भागाचे नव्हते, पण वेठबिगार म्हणजे काय हे या भागाला ठाऊक होते. काम राज्याचे असेल तर मोबदलाही राज्यानेच, निश्चित आणि पुरेसा दिला पाहिजे, हे त्या विधेयकामागचे तत्त्व आजच्या मागणीतही जसेच्या तसे आहे. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली, आणि 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम हेही त्या बंदीत येते, असा अर्थ लावला.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत मात्र न्यायालयाची वाट सरळ राहिली नाही. 2006 मध्ये, सेविका राज्याच्या नागरी सेवेतील पद धारण करत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. एप्रिल 2022 मध्ये त्यांचे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, मानधन हे उपदान कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत बसते आणि म्हणून त्यांना उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतरची ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे, असा निर्णय आला. त्यानंतरही 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातील सेविका आणि मदतनिसांना वेतन, निवृत्तिवेतन आणि त्याच उपदानासाठी बावन्न दिवस संपावर राहावे लागले. त्या काळात मुलांच्या आहाराचे काय, हा प्रश्न गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. पण मूल उपाशी राहू नये ही जबाबदारी योजना चालवणाऱ्या राज्याची आहे, आणि ती वर्षानुवर्षे ज्यांच्या खांद्यावर स्वस्तात टाकली गेली, त्यांनीच ती पुढेही मुकाट वाहावी असा निष्कर्ष त्या प्रश्नातून निघत नाही. लक्कम्मांनी मारय्यांना परत पाठवले तेव्हा त्या दिवशीचे जेवण लांबणीवर पडलेच असणार, आणि तरीही तांदूळ कोणाचे हा प्रश्न त्यांनी जेवणाआधीच सोडवला.